शीर सापडते, तोंड आवरत नाही

पहिल्या टोचीत शीर! बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कमावलेली जहागीर म्हणाल तर एवढीच, आणि ती मी कुणाला विसरू देत नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते. हे झालं कागदावरचं. लोकांच्या तोंडी मी 'रक्तवाली सुमनबाई'. बाजारात भाजीवालीसुद्धा आधी माझ्या हाताकडे पाहते, रिकामा आहे ना म्हणून.

या नोकरीत माणसं फार पाहिली. किन्हीराजा गावचा एक पहिलवान गडी, दंड माझ्या मांडीएवढा, सुईचं टोपण काढलं तसा बाकावर आडवा. त्याला पाणी मारून उठवलं तर म्हणतो, "बाई, झालं का?" अजून टोचलंच नव्हतं. मेडशीचे एक म्हातारबा तपासणी आटोपल्यावर खिडकीशी आले. "बाई, उरलेलं वापस देता का?" मी म्हटलं, "बाबा, काई उरलं नाई." "मंग एवढं काढलं कायले?"

डेंग्यूच्या दिवसांत तर खिडकीवर नुसती झुंबड. "पेशी किती झाल्या? वाढल्या का?" पेशी म्हणजे प्लेटलेट. जखम झाली की रक्त थांबवतात त्या इवल्याशा चकत्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजून मोजून माझी मान वाकडी झाली. मला वाटायचं, प्लेटलेटबद्दल मला माहीत नाही असं काही उरलं नाही. हा गर्व कसा उतरला, आणि त्या भरात माझ्या तोंडानं एका पोरीचं लग्न कसं मोडायला आणलं, तेच सांगायला बसले आहे.

निवृत्तीनंतर घरात बसून मला कंटाळा आला होता. सुनेच्या हाताची शीर पाहून "किती छान शीर आहे गं" म्हणायची वेळ आली, आणि ती बिचारी हात पदराआड लपवायला लागली. तेवढ्यात नागपूरहून एका डॉक्टर मॅडमचा फोन आला. लहान मुलांच्या डॉक्टर, आवाज एकदम मऊ. म्हणाल्या, "सुमनताई, स्वमग्न मुलांवर आमचं संशोधन सुरू आहे. वाशीम जिल्ह्यातली काही कुटुंबं तयार आहेत. आई, बाप आणि मूल, तिघांचंही रक्त लागेल. ही मुलं अंगाला हात लावू देत नाहीत. मला पहिल्या टोचीत शीर शोधणारं माणूस पाहिजे."

मी 'हो' म्हटलं तेव्हा त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

मग त्यांनी मला जे शिकवलं, ते ऐकून मी दोन दिवस हवेत होते. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. मूल नजर देत नाही, हाकेला ओ देत नाही, बोलणं उशिरा येतं किंवा येतच नाही, एकाच गोष्टीत तासन् तास रमतं. हा काही भुताटकीचा प्रकार नाही आणि आईच्या वागण्याचं फळ तर मुळीच नाही. मेंदूची घडणच जरा वेगळी. आता मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, त्यातल्या एका निरोपाच्या रसायनाचं नाव सेरोटोनिन. आपण शेजारणीकडे वाटीभर भाजी धाडतो ना, तसं. भाजी पोचली, पण वाटी घरी परत यायला नको? नाहीतर उद्या कशात धाडणार? तर सेरोटोनिन परत आत ओढून घेणारी दारं पेशींवर असतात. ही दारं कशी आणि किती घडवायची, ते एक जनुक सांगतं, आणि ते जनुक सगळ्यांचं सारखं नसतं. कुणाचं एका ठिकाणी जरा आखूड, कुणाचं जरा लांब. क्वचित एखाद्याच्यात याहून वेगळा बदल. अशा बदलांचा स्वमग्नतेशी काही संबंध आहे का, हे मॅडम शोधत होत्या. काहींना संबंध दिसला, काहींना नाही दिसला. कोडं अजून सुटलेलं नाही.

"पण मॅडम," मी म्हटलं, "मेंदूतली दारं मी हातातून कशी काढू?"

मॅडम हसल्या. "तीच दारं प्लेटलेटवरही असतात, सुमनताई. अगदी तीच. रक्तातलं सेरोटोनिन प्लेटलेट त्याच दारानं आत घेते. काही स्वमग्न मुलांच्या रक्तात ते जास्तही सापडतं."

अहो, तीच दारं! बत्तीस वर्षं मी त्यांना डोकी मोजल्यासारखी मोजत आले, आणि त्यांच्या अंगावर मेंदूचं दार होतं! मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "बरं मंग, चहा टाकतं का?"

काम नाजूक होतं. प्लेटलेट म्हणजे लाजाळूचं झाड, जरा धक्का लागला की जवळचा ऐवज सांडून मोकळी. दंडाचा पट्टा फार वेळ आवळायचा नाही, नळी जोरात हलवायची नाही, हळूच आठ वेळा उलटीसुलटी करायची. मेडशीचे पहिले नमुने मी जीपमध्ये मांडीवर घेऊन बसले होते, तान्ह्या लेकराला घ्यावं तसे, तरी रस्त्यानं दावा साधलाच. सगळे वाया. त्यानंतर मॅडमनी एक लहान सेंट्रिफ्यूज दिलं, म्हणजे नळ्या गरागरा फिरवून रक्ताचे थर वेगळे करणारं यंत्र. ते घेऊन मी घरोघरी जाऊ लागले, म्हणजे प्लेटलेट तिथल्या तिथेच वेगळ्या काढता येतील. त्याला एक खोड असते. एका बाजूला नळी ठेवली तर बरोब्बर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी ठेवावी लागते, नाहीतर ते थडथडतं.

असंच ते घेऊन मी कामरगावला रफीकभाई गादीवाल्यांकडे गेले. पुढे दुकान, मागे घर. दुकानात रुई, म्हणजे कापूस, पिंजायचं यंत्र, आणि त्याच्या घरघराटाला लागून पोत्यावर बसलेली झोया, आठ वर्षांची. बोलत नाही. एक तळहात यंत्राच्या पत्र्याला लावलेला, डोळे अर्धे मिटलेले. तिची आई नाझनीन माझ्या हातातली पेटी पाहूनच पांढरी पडली. "बाई, हे पोट्टी नखं नाई कापू देत. सुई कशी घेईन?"

घरात आणखी एक जण होती. रफीकभाईंची धाकटी बहीण शबाना. शिवणकाम करायची, जिभेनं तिखट, आणि झोया जगात कुणाचं ऐकत असेल तर हिचं. तिचं लग्न कारंज्याच्या बशीरचाचांच्या मुलाशी ठरलेलं, चाचांचं बांगड्यांचं दुकान. दुकानात त्या दिवशी ज्या गाद्या भरल्या जात होत्या, त्या तिच्याच लग्नाच्या. भिंतीला टेकून लालभडक खोळी उभ्या होत्या.

मी आधी फॉर्म वाचून दाखवला, सह्या घेतल्या, आई-बापाचं रक्त घेतलं आणि दोन नळ्या समोरासमोर ठेवून यंत्र सुरू केलं. त्याची घूंऽऽ ऐकली अन् झोया उठली! सरळ आली, तळहात यंत्रावर ठेवून उभी राहिली. यंत्र थांबलं, मी झाकण उघडलं, एक नळी काढली. लेकीनं न सांगता समोरची नळी काढली! मी एका बाजूला नुसत्या वजनासाठी असते ती पाण्याची नळी ठेवली, तिनं समोरच्या खाचेत दुसरी ठेवली. बरोब्बर समोरच्या. मला हे शिकायला आठ दिवस लागले होते आणि दोनदा बोलणी खावी लागली होती.

शबानानं डोळ्यांनी खुणावलं. यंत्र पुन्हा सुरू केलं. झोयाचा डावा हात त्यावर, उजवा मी हलकेच धरला. पट्टा, कापूस, सुई. पहिल्या टोचीत शीर! पोरीचं तिकडे लक्षच नाही. नाझनीन पदरात तोंड घालून रडत होती, रफीकभाई हसत होते, आणि मी तर विचारूच नका.

आणि इथेच माझ्या घोड्यानं पेंड खाल्ली.

रफीकभाई कौतुकानं म्हणाले, "लहानपणी मी बी अस्साच बसो बाई, मशीनले हात लावून. अम्मी मारून मारून उठवे मले."

मी टाळी वाजवली. "अरे रफीकभाई, मंग हे तुमच्याकडूनच आलं नं! खानदानी चीज हाय हे, खानदानी!"

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. एक कारंज्याचा माणूस स्कूटरवर बसूनच उशांची वाट पाहत होता. सगळे हसले. मी सर्वांत मोठ्यानं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. हातात एका तपासणीचा आकडा नाही, संशोधन अर्ध्यावर, आणि बत्तीस वर्षं रिपोर्ट बंद पाकिटात देणारी मी भर दुकानात निकाल लावून मोकळी!

आठ दिवसांनी फोन आला.

"बाई, मी शबाना बोलून राह्यली. तुमी आमच्या दुकानात काय बोलून गेल्या, याद हाय का?"

"काय वं? काय झालं?"

"कारंज्यावाल्यांनी निरोप धाडला. म्हने थोडं थांबू. म्हने तुमच्या खानदानात बिमारी हाय, दवाखान्याच्या बाईनंच सांगतलं." मग एका दमात म्हणाली, "भाईजान तीन दिवस झाले जेवले नाई. भाभी म्हनते माह्या पोरीपायी झालं. अन् बाई, मले लग्नाची फिकीर नाई, सांगून ठेवतो तुमाले. पण उद्या ह्या घरात झोयाकडे कोनी त्या नजरेनं पाह्यलं नं, तर मी तुमाले माफ नाई करनार."

फोन ठेवला तिनं.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "सुमनताई, आपण पुष्कळ कुटुंबं एकत्र पाहून काही फरक दिसतो का, एवढंच शोधतोय. एका माणसाचं जनुक पाहून त्याच्या मुलाबद्दल काहीच सांगता येत नाही. ते आखूड रूप तर घरोघरी असतं. तुमच्यात असेल, माझ्यात असेल. तुम्ही बोललात ते विज्ञान नव्हतं."

"मग मी काय होते, मॅडम?"

"खूश होता तुम्ही," त्या म्हणाल्या. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं कारंजा. मुलीकडच्यांनी विनवण्या करायला जाणं रफीकभाईंना जमण्यासारखं नव्हतं, आणि घोटाळा माझा होता. बशीरचाचा दुकानात बसले होते, पांढरी दाढी, समोर बांगड्यांचे तोडे. एका बाईचा हात हातात घेऊन नुसता दाबला आणि न मोजता माप सांगितलं. बांगड्या सरसर चढल्या, एकही पिचकली नाही. माणूस आपल्या जातकुळीतला आहे, हे मी तिथेच ओळखलं.

"तुमीच का थ्या रक्तवाल्या बाई?"

"हो. अन् मी चुकीचं बोलली चाचा. मले काई ठाऊक नसताना बोलली."

"पण तुमीच त बोल्ल्या, खानदानी हाय म्हनून."

"खुशीत बोलली. त्याचा काई आधार नाई."

चाचांनी मला पाण्याचा पेला दिला. मग म्हणाले, "असं करा बाई. मले बी हा रिश्ता तोडाचा नाई. पोरगी भली हाय. पण बिरादरीत लोक इचारतेत. तुमी पोरीचं अन् आमच्या पोराचं रक्त तपासा. एक कागद द्या, सब ठीक हाय म्हनून. मी थो कागद दाखवतो, सगळ्याइचे तोंडं बंद."

बघा. केवढं सोपं! दोघांचं हिमोग्लोबिन, प्लेटलेट, साखर करायची, खाली 'सर्व नॉर्मल' आणि ओळखीच्या लॅबचा शिक्का. त्यात एक अक्षर खोटं नसतं. आणि तरी सगळा कागद खोटा असता. बत्तीस वर्षं लोकांनी माझ्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवला, तो याच एका गोष्टीवर की रक्तात जे दिसलं तेच सुमनबाई लिहिते. पण डोळ्यांपुढे त्या लाल खोळी उभ्या होत्या. कबूल करते, माझी जीभ 'बरं' म्हणायला उचललीसुद्धा होती.

मग मला आठवलं, की आज एक कागद दिला तर उद्या प्रत्येक सोयरिकीत असा कागद मागतील. आणि झोयाच्या नावानं मागतील.

"चाचा," मी म्हटलं, "असा कागद दुनियेत नाई. कोनी देईन तर थो खोटा असन. आमी शोधतो थ्या जनुकाचं आखूड रूप तुमच्यात असू शकते, माह्यात असू शकते. त्यावरून लेकरू कसं होईन, ते मोठमोठ्या डॉक्टराइले बी सांगता येत नाई. अन् झोयासारखं लेकरू झालं त होईन. तुमी तिले पाह्यलं का कदी?"

"नाई."

"मंग कायच्या भरोशावर थांबले तुमी? माह्या? माह्यावर भरोसा असन तर आता बी ठेवा."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, चाचा तिकडे वळले. मी परत आले. वाटेत दोनदा वाटलं, उतरावं आणि कागदाला हो म्हणून यावं.

शुक्रवारी दुपारी शबानाचा फोन. "बाई, चाचा नमाज झाल्यावर येऊन राह्यले. भाईजान म्हनतेत तुमी पायजे." मी गेले. दाराशीच तिनं माझा दंड धरला. "आज तोंड उघडाचं नाई. चहाले सुदा नाई."

चाचा आले. दुकानात थेट रुईच्या यंत्राशी गेले. झोया नेहमीसारखी तळहात लावून बसलेली. चाचांच्या काखेत बांगड्यांचा डबा होता. मी मनात म्हटलं, संपलं! ज्या माणसाचा सगळा धंदाच हात धरण्याचा, तो हिचा हात धरणार, आणि ही किंचाळून दुकान डोक्यावर घेणार!

चाचांनी हात धरला नाही. गुडघे दाबत, 'या अल्ला' म्हणत ते खाली फरशीवर बसले, डब्यातून एक हिरवी बांगडी काढली, उभी धरली आणि टिचकी मारली. बांगडी फिरली. फिरता फिरता तिचा हिरवा चेंडू झाला आणि फरशीवर बारीक किणकिण सुरू झाली. झोयानं मान वळवली. यंत्रावरचा हात काढून फरशीवर ठेवला, बांगडीजवळ. दुसरी बांगडी चाचांनी फिरवली. तिसरी झोयानं डब्यातून स्वतः घेतली, टिचकी मारली, आणि चाचांच्या बांगडीच्या बरोब्बर समोर फिरवली.

चाचा हरखून गेले. दाढीत हसू मावेना. "वा बेटा! मी बी लहानपणी हेच करो. दिवसभर दुकानात बांगड्या फिरवत बसो. अब्बा म्हनत, हा पोट्टा दुकान बुडवते."

रफीकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. नाझनीननं पाहिलं. पडद्याआडून शबानाचे डोळे माझ्यावर रोखलेले. माझ्या जिभेच्या टोकावर काय आलं होतं ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी पदराचं टोक तोंडात कोंबलं. खरं सांगते, बत्तीस वर्षांत एवढं अवघड काम केलं नव्हतं!

चाचांच्याही ते ध्यानात आलं. डोळे बारीक करून म्हणाले, "बोला नं बाई. खानदानी हाय का हे?"

"चाचा," मी पदर काढून म्हटलं, "मले फक्त शीर सापडते. बाकीचं अजून कोनालेच ठाऊक नाई."

ते असे हसले की रुईचे पुंजके उडाले. मग रफीकभाईंकडे वळून, जसं काही मध्ये काही झालंच नव्हतं अशा आवाजात म्हणाले, "तारीख हाय थेच ठेवू. अन् गाद्या जरा घट्ट भरा भाई, माही कंबर दुखते. बिरादरीचं मी पाह्यतो. हातच्या काकनाले आरसा कायले?" पडद्याआड काहीतरी पडलं. शबानानं चहाचं भांडं सोडून दिलं होतं बहुतेक.

मॅडमचं संशोधन अजून सुरू आहे. नमुन्यांवर नावं नसतात, नुसते आकडे, त्यामुळे झोयाच्या नळीत काय निघालं ते मला कधीच कळणार नाही. उत्तर यायला किती वर्षं लागतील, कोण जाणे. मी असेन की नाही. पण पुढच्या गावाला जायचं म्हटलं की पेटी मी आदल्या दिवशीच भरून ठेवते, नवरा हसतो.

त्या दिवशी मी निघाले तेव्हा कुणीतरी माझा पदर ओढला. झोया. माझ्याकडे न पाहता तिनं एक बांगडी माझ्या हातात दिली आणि फरशीकडे बोट दाखवलं. मी बसले, बांगडी उभी धरली, टिचकी मारली. ती दोन कोलांट्या खाऊन आडवी पडली. पहिल्या टिचकीत जमलं नाही. सगळे हसले, पण झोया हसली नाही. तिनं ती बांगडी उचलली आणि पुन्हा माझ्या हातात दिली.